एचआयव्हीच्या गोळ्या आणि मोबाइलवरचे मेसेज: या चुका टाळा

गोळ्या चुकू नयेत म्हणून मोबाइल वापरायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतंच, "व्हॉट्सॲप ग्रुप काढू या." नका काढू. ग्रुपमध्ये घातलेल्या प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो, बहुतेकदा डीपीसकट.

एका उत्साही कार्यकर्त्याने कोणालाही न विचारता असा ग्रुप काढला. नाव ठेवलं 'एआरटी परिवार' (एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार). थोड्याच वेळात एका बाईंना त्यात आपल्या नणंदेचा नंबर दिसला आणि नणंदेला त्यांचा. दोघींनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. ग्रुप लगेच उडवला, पण पुढच्या तारखेला दोघीही गोळ्या न्यायला आल्या नाहीत. त्यांना परत आणताना समुपदेशकाच्या नाकी नऊ आले. कार्यकर्त्याचं म्हणणं काय, तर "वेळ वाचावा म्हणून केलं."

हे फक्त नवख्यांकडूनच होतं असंही नाही. २०१५ मध्ये लंडनच्या एका क्लिनिकमधून सुमारे ७८० जणांना ईमेल गेला, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असा. पुढच्या वर्षी १,८०,००० पौंडांचा दंड बसला.

मी पेशंटला आधी विचारते, फोन कोणाचा, आणि तो आणखी कोण उघडतं? मग एक मेसेज समोरच पाठवते, फोन लॉक करून टेबलावर ठेवायला सांगते आणि पडद्यावर काय उमटतं ते दोघं मिळून बघतो. 'एचआयव्ही', 'एआरटी', गोळीचं नाव, सेंटरचं नाव, यातलं काहीही दिसता कामा नये. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय, वापरत असाल तर त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह असावा लागतो, नाहीतर मेसेज पोचतच नाही. कोणत्या नावाने सेव्ह करायचा ते पेशंटने ठरवावं. एकाने मला 'गॅसवाला' केलंय, माझी हरकत नाही.

दुसरी खोड म्हणजे रोजचा भडिमार. रोज रात्री 'गोळी घेतली का?' विचारलं की काही दिवसांत माणूस न वाचताच मेसेज पुसतो. केनियातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. आठवड्याला एक मेसेज मिळणाऱ्यांपैकी ५३ टक्के लोकांनी ९० टक्के किंवा जास्त डोस घेतले. काहीच मेसेज नसलेल्या गटात हे प्रमाण ४० टक्के होतं. रोज मेसेज मिळणाऱ्यांना मात्र फारसा फायदा झाला नाही. त्याआधी २०१० मध्ये तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात गोळीचा उल्लेखही नव्हता. आठवड्यातून एकदा नुसती खुशाली विचारायचे. 'अडचण आहे' असं उत्तर आलं किंवा ४८ तासांत काहीच आलं नाही, की क्लिनिकमधून फोन जायचा. त्या गटात गोळ्या नियमित घेणारेही जास्त निघाले आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आटोक्यात असलेलेही.

खरं काम तो फोन करतो. तरी लोक आधी ॲप बनवून घेतात, त्यात रंगीत आलेख घालतात, आणि उत्तरं कोण वाचणार हे शेवटपर्यंत ठरत नाही. उत्तर वाचायला माणूस नसेल तर मेसेज पाठवूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

भीतिदायक फोटो पाठवू नका. घाबरलेला माणूस तुमचा मेसेज उघडत नाही.

लांबलचक पीडीएफ कोणी वाचत नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगा, जमलं तर आवाजात.

'व्हायरल लोड सापडत नाही' एवढंच लिहून थांबू नका. लोक त्याचा अर्थ 'बरा झालो' असा घेतात. लोड असाच न सापडण्याइतका कमी राहिला तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे जरूर सांगा. पण गोळ्या थांबवल्या की तो बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत पुन्हा वर येतो, हेही त्याच मेसेजमध्ये हवं.

आणि डोस चुकल्यावर काय करायचं, हे तर निम्म्या मेसेजमध्ये नसतंच. डोल्युटेग्रॅविर ही एचआयव्हीची गोळी घेणाऱ्याला सांगा: आठवली की घ्या, पुढची वेळ चार तासांच्या आत असेल तर सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर ही गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची.