भिंतीत शिरणारं सरकतं दार काढण्याआधी

पाना, चपटा आणि स्टार असे दोन्ही स्क्रू ड्रायव्हर, कटर, पटाशी, टॉर्च, जमिनीवर टाकायला जुनी गोधडी. हे सगळं तुम्ही घ्यालच. त्याआधी चार-पाच फूट मजबूत सुतळी खिशात टाका. मागच्या वेळी माझ्याकडे सगळं होतं, सुतळी नव्हती.

जोडीला एक माणूस हवाच. भरीव पल्ला 30 किलोंच्या वर सहज जातो, एकट्याने पेलायच्या फंदात पडू नका.

दार पूर्ण बंद करा. उघडं ठेवलंत तर मागचा रोलर (वरच्या ट्रॅकवर धावणारी चाकं, यांनाच पल्ला टांगलेला असतो) भिंतीच्या पोकळीत राहतो आणि हात पोचत नाही. मग चौकटीच्या पट्ट्या काढा, वरची आणि पोकळीच्या तोंडाची, पण एकाच बाजूच्या. पट्टी आणि भिंत यांच्यामधल्या रंगाच्या रेघेवर आधी कटर फिरवा. नाही फिरवला तर पट्टीबरोबर रंगाचे पापुद्रे निघतात आणि रंगकाम वाढून बसतं. पटाशी हळू, खिळ्याच्या जवळच घाला. मधेच घातली तर पट्टी मोडते.

आता वर टॉर्च मारा. पल्ल्याच्या डोक्यावर दोन लोखंडी पट्ट्या असतात. त्यांच्या खाचेत रोलरचा बोल्ट अडकलेला असतो आणि तो निसटू नये म्हणून बाजूला छोटी फिरती कडी असते. कडीला हात लावू नका! आधी मागच्या रोलरच्या बोल्टाला सुतळी बांधा आणि दुसरं टोक बाहेर, चौकटीच्या खिळ्याला. मी ती बांधली नव्हती. पल्ला सुटला, तिरपा झाला, त्याचा कोपरा रोलरला लागला आणि तो खडखडत ट्रॅकवरून आत गेला. टॉर्चच्या उजेडात चाकं चमकत होती, हातापासून दोन फूट पलीकडे. टोक वाकवलेल्या तारेने तो ओढून आणण्यात अख्खी दुपार गेली. तार कमी पडली असती तर भिंत फोडावी लागली असती. म्हणून पुन्हा सांगते, सुतळी बांधा. गाठ ओढून बघा.

पल्ल्याखाली दोन्ही टोकांना लाकडी पाचरी सरकवा, म्हणजे वजन बोल्टावरून उतरतं आणि कडी बोटाने फिरते. कडी नसलेल्या दारात पातळ पान्याने नट ढिला करायचा. जमिनीलगतचे गाइड, म्हणजे पल्ला सरळ धरणारे छोटे तुकडे, याआधीच काढलेले असू द्या, नाहीतर पल्ला खालून बाहेर येतच नाही.

सुतळी बांधलीत ना? मग पुढचा बोल्ट सोडवा, नंतर मागचा. पल्ल्याचा खालचा भाग बाहेर घ्या, दोघांनी उचला, लांब कडेवर भिंतीला टेकवा. स्क्रू एका पिशवीत, पट्ट्यांच्या मागे पेन्सिलीने खूण. दार परत बसवायचं असेल तर सुतळी तोवर तशीच राहू द्या.