नाताळच्या रात्री घरी सिनेमा लावताय? या चुका टाळा

नाताळच्या आठवड्यात मराठवाड्यातलं घर भरलेलं असतं. जालन्याची आत्या येते, पुण्यात नोकरीला असलेला पोरगा सुट्टी टाकून येतो, आणि पंचांगानं जुळवून आणलं तर येळवसला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात जेवायच्या सणाला, लातूरकडं भज्जी-आंबील जेवायला निघालेले पाहुणेही मागेपुढे टेकतात. रात्रीची उपासना उरकलेली, करंज्या-चकल्यांचे डबे उघडलेले, थंडीनं सगळे गोधड्या ओढून बैठकीत. एखादा सिनेमा लावू, असं कुणीतरी म्हणतं आणि पुढचा पाऊण तास नुसती पोस्टरं सरकवण्यात जातो. शेवटी जे लागतं त्यात आजी पेंगते, लेकरं मोबाइल मागतात आणि सासऱ्यांसमोर सुनेची रिमोटसाठी शोधाशोध सुरू होते.

याचं कारण साधं आहे. आपण सण बघून सिनेमा निवडतो, बैठकीत कोण बसलंय ते बघत नाही. बहुतेक चुका इथूनच निघतात.

नावावर आणि लाल टोपीवर जाऊ नका

श्रीराम राघवन यांचा ‘मेरी ख्रिसमस’ २०२४च्या जानेवारीत आला. नाव गोड, रात्रही नाताळच्या आदल्या दिवसाची, पण गोष्ट खुनाची. सिनेमा उत्तम आहे, लेकरं झोपल्यावर जरूर लावा. बॉब क्लार्क या दिग्दर्शकाचं उदाहरण तर याहून मजेशीर. त्यानं १९७४ साली ‘ब्लॅक ख्रिसमस’ केला, ज्यात मुलींच्या वसतिगृहात खुनी शिरतो; आणि १९८३ साली ‘अ ख्रिसमस स्टोरी’ केला, ज्यात एक पोरगं छऱ्याच्या बंदुकीसाठी हट्ट धरून बसतं. माणूस तोच, सण तोच, सिनेमांत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर.

‘ग्रेमलिन्स’च्या पोस्टरवर डब्यातून डोकावणारा गोंडस प्राणी दिसतो म्हणून तो लेकरांसाठी लावला जातो. त्यात एक मुलगी सांगते की तिचा बाप सांताचे कपडे घालून धुराड्यातून उतरताना मेला, आणि सांता खरा नसतो हे तिला तेव्हा कळलं. तुमच्या घरातल्या लेकरालाही ते तिथंच कळणार. १९८४ साली या सिनेमावरून अमेरिकेत पालकांनी इतका आरडाओरडा केला, की तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी सावधगिरीची नवी श्रेणी आणावी लागली. त्याला तोच एक सिनेमा कारण नव्हता, पण मोठं कारण होता.

‘लव्ह ॲक्च्युअली’ विमानतळावरच्या मिठ्यांनी सुरू होतो आणि सगळे सुखावतात. पुढं त्यातल्या एका जोडीचं कामच सिनेमातल्या शय्यादृश्यांत नटांच्या जागी झोपायचं, तेही कपड्यांविना. नवरा-बायको दोघंच असतील तर हरकत नाही. तीन पिढ्या बसलेल्या बैठकीत नको.

‘डाय हार्ड’ नाताळचा सिनेमा धरायचा की नाही, यावर इंग्रजी बोलणारं जग दरवर्षी भांडतं. तो १९८८च्या जुलैत प्रदर्शित झाला होता. त्यांचं भांडण त्यांना लखलाभ. बैठकीत सगळे मोठेच असतील तर खुशाल लावा.

उपाय दोन सेकंदांचा आहे. नावाखाली यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ किंवा ए असं लिहिलेलं असतं आणि शेजारी हिंसा, शिवीगाळ, लैंगिक दृश्यं असं कारणही दिलेलं असतं. तेवढं वाचा. बैठकीतलं सगळ्यात धाकटं लेकरू किती वर्षांचं आहे, तो आकडा पकडून निवडा. पाचवीतल्या पोराकडं बघून ‘याला काय कळतंय’ म्हणणारे मामा प्रत्येक घरात असतात. त्यांच्या हाती रिमोट देऊ नका.

गव्हाणीच्या रात्री क्रूस नको

धार्मिक सिनेमा म्हणजे नाताळला चालणारच, ही समजूत फार पसरलेली आहे. ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ (२००४) हा येशूच्या अखेरच्या बारा तासांचा सिनेमा आहे. त्यातले फटक्यांचे प्रसंग मोठ्यांनाही बघवत नाहीत. तो उत्तम शुक्रवारासाठी, म्हणजे गुड फ्रायडेसाठी ठेवा. जन्माचीच गोष्ट हवी असेल तर ‘द नेटिव्हिटी स्टोरी’ (२००६) आहे, मरिया आणि योसेफाच्या नासरेथ ते बेथलेहेम प्रवासाची, आणि त्यात आजीला ओळखीचं सगळं भेटतं. लहानांसाठी ‘द स्टार’ (२०१७) हा ॲनिमेशनपट, जिथं तीच गोष्ट एका गाढवाच्या नजरेतून दिसते.

सणाला दुःख नको म्हणून नुसता पाक

गोड सिनेमा हवा म्हणून आपण असा काही निवडतो, ज्यात कुणाचं काही बिघडतच नाही. मोठ्या शहरातली मुलगी, गावाकडचा मुलगा, वरून पडणारा बर्फ. अर्ध्या तासात सगळी बैठक आपापल्या मोबाइलमध्ये.

उलट फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) घ्या. तो आला तेव्हा फारसा चालला नव्हता. पुढं १९७४ साली कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्ही वाहिन्यांना तो फुकटात मिळू लागला, दर नाताळात लागू लागला आणि घराघरांत पोचला. त्यातला जॉर्ज बेली बापाच्या मागे जी संस्था चालवतो तिला आपल्याकडं पतसंस्था म्हणतील. लोक ठेवी काढायला दारात गर्दी करतात, तेव्हा तो सांगतो की तुमचा पैसा तिजोरीत नाही, तो शेजाऱ्याच्या घरात लागलाय. आणि स्वतःच्या मधुचंद्रासाठी ठेवलेल्या पैशांतून एकेकाला वाटतो. पतसंस्थेच्या बंद शटरसमोर पासबुक घेऊन उभं राहिलेली माणसं मराठवाड्यात गावोगाव आहेत. त्यांना हा प्रसंग सबटायटल न वाचता कळतो. पुढं नेमक्या नाताळच्या आदल्या दिवशी संस्थेचे ८,००० डॉलर काकाच्या वेंधळेपणानं गहाळ होतात, आणि जॉर्ज पुलावर जीव द्यायला जाऊन उभा राहतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कर्जापायी घरातला माणूस गेल्याची जखम ताजी असेल, त्या घरात हा सिनेमा यंदा लावू नका. शेवट कितीही उजळ असला तरी तो पूल आधी येतो. बाकी बैठकींसाठी मात्र माझ्या मते याच्या तोडीचा नाताळचा सिनेमा नाही, कारण यातलं सुख किंमत मोजून आलेलं आहे.

लावताना तीन गोष्टी बघा. रंग भरलेली आवृत्तीही फिरते, कृष्णधवलच निवडा. लांबी १३० मिनिटं आहे, म्हणजे जेवणं लवकर उरका. आणि पहिला तास संथ आहे हे पाहुण्यांना आधीच सांगा. वेळ काढायला त्यांना बर्फाची गोष्ट सांगता येईल. तोवर हॉलिवूडमध्ये बर्फ म्हणून पांढरे केलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे. पायाखाली त्यांचा इतका आवाज व्हायचा की संवाद नंतर पुन्हा मुद्रित करावे लागत. या सिनेमासाठी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी मिसळून नवा बर्फ तयार केला. आणि हे सगळं शूटिंग उन्हाळ्यात!

एवढं जड नको असेल तर परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) लावा. तो पंढरपूरच्या यात्रेचा आहे, नाताळचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण आईचं स्वेटर विणायचं यंत्र आणि लाडकी सायकल वाचवायला धडपडणारी ती लेकरं कुठल्याही सणाला शोभतात. आजीला भाषेची अडचणही नाही.

‘होम अलोन’ (१९९०) बद्दल फार सांगायला नको. डोकी मोजताना शेजारचं पोरगं मोजलं जातं आणि आपलं घरीच राहतं, हा प्रसंग येळवसला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लेकरं भरणाऱ्या प्रत्येकाला पटेल. फक्त दुसऱ्या दिवशी जिन्यावर गोट्या दिसल्या तर आश्चर्य मानू नका.

भाषा गृहीत धरणं

हिंदी डबिंग असेलच असं समजून बसू नका. सिनेमा उघडून आवाजाच्या पर्यायात कोणत्या भाषा आहेत ते दुपारीच बघा. सबटायटल वाचत दोन तास बसणं आजोबांना जमत नाही, आणि तुम्ही शेजारी बसून भाषांतर करत राहिलात तर कुणालाच धड बघता येत नाही.

अशा वेळी बिनसंवादाचे छोटे सिनेमे कामी येतात. ‘द स्नोमॅन’ (१९८२) फक्त २६ मिनिटांचा आहे. त्यात संवाद नाहीत, एक गाणं तेवढं आहे. शेवटी बर्फाचा माणूस वितळतो आणि चार-पाच वर्षांची लेकरं हमखास रडतात, म्हणून त्यांच्यासाठी आधी ‘शॉन द शीप’ची नाताळची गोष्ट लावा. ती २०२१ची, अर्ध्या तासाची, आणि मेंढरं बोलत नसल्यानं भाषेचा प्रश्नच मिटतो. मोठा सिनेमा वीस मिनिटांत पकड घेत नसेल तर सरळ बंद करा आणि यातला एक लावा. पैसे भरलेत म्हणून शेवटपर्यंत बघायलाच पाहिजे असं नाही.

ऐन वेळी अडलं तर

मध्येच चित्र गोल फिरत थांबलं की आपण नेटला शिव्या देतो. हिशेब बघा. एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असलेल्या मोबाइलवरून टीव्हीला नेट दिलं तर मध्यंतरालाच संपणार. चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणा, तासाला साधारण १ जीबीत भागेल. आदल्या दिवशी डाउनलोड करणं चांगलं, पण डाउनलोड केलेला सिनेमा टीव्हीवर दाखवायला सगळी ॲप परवानगी देत नाहीत, तेव्हा एकदा लावून बघा.

कुजबुज ऐकू येत नाही आणि गाणं आलं की शेजारी जागे होतात? ५.१चा, म्हणजे थिएटरसारख्या सहा स्पीकरसाठी केलेला आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरवर आल्यानं असं होतं. आवाजाच्या पर्यायात स्टिरिओ निवडा किंवा टीव्हीचा नाइट मोड चालू करा. जुना सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत, घाईघाईनं हलल्यासारखा दिसत असेल तर चित्राच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण त्यात बहुधा मोशन हा शब्द असतो.

आणि वीज. रब्बीच्या पाण्याचे दिवस, गावाकडं व्होल्टेज खालीवर होणारच. एलईडी टीव्ही घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. पण वीज गेल्यावर टीव्ही चालू आणि नेट बंद, असं अनेक घरांत होतं, कारण राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो. त्याचा प्लग कोणत्या बोर्डात आहे, ते उजेड असतानाच बघून घ्या.