एका डायोडवर भुलू नका

लॅबमध्ये बनवलेल्या डायोडपैकी (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) सर्वात भारी निघालेल्याचा आलेख घेऊन ते तंत्र विकायला कंपनीकडे गेलात, की पहिला प्रश्न येतो, ‘बाकीच्यांचं काय?’ बहुतेकांकडे बाकीच्यांचा डेटाच नसतो. बिघडलेले नमुने वहीतही लिहिलेले नसतात.

इथेच फसायला होतं, म्हणून जरा सविस्तर. समजा, एपिटॅक्सीच्या, म्हणजे वेफरवर (सेमीकंडक्टरची पातळ चकती) वाढवलेल्या स्फटिकाच्या, थरात दर चौरस सेंटिमीटरला 10 घातक दोष आहेत. लॅबमधला 250 मायक्रॉन व्यासाचा ठिपका (चाचणीचा छोटा डायोड) म्हणजे जेमतेम 0.0005 चौ. सेंमी. पॉइसाँच्या संभाव्यतेच्या सूत्राच्या हिशोबाने 99.5 टक्के ठिपके चांगले निघतात आणि वाटतं, जमलं! आता त्याच थरावर 5 बाय 5 मिमीचा पॉवर डायोड करा. क्षेत्रफळ 0.25, म्हणजे एका डायोडमागे सरासरी अडीच दोष, आणि यिल्ड, म्हणजे चांगल्या नगांचं प्रमाण, 8 टक्के. थर तोच, प्रोसेस तीच; वाढला तो फक्त आकार. म्हणून पहिल्याच मास्कवर (डायोडचे आकार छापायचा साचा) पाच-सहा आकारांचे डायोड ठेवा. यिल्डचा लॉग क्षेत्रफळासमोर मांडा. उतारावरून दोषघनता मिळते. एकही नमुना गाळायचा नाही. ‘चांगले तेवढेच दाखव’ म्हणणारा गाइड पेपर मिळवून देतो, गिऱ्हाईक नाही.

दुसरं, सोन्याचे काँटॅक्ट, म्हणजे डायोडला वीज जोडणारे धातूचे थर. लॅबमध्ये सोयीचे, पण सिलिकॉनची फॅब (चिप बनवणारा कारखाना) असा वेफर दारातच अडवते. सोनं सिलिकॉनमध्ये झपाट्याने पसरतं आणि वाहकांचं (वीज वाहणाऱ्या कणांचं) आयुष्य घटवतं. गॅलियम नायट्राइड या सेमीकंडक्टरवर काम असेल तर टायटेनियम-ॲल्युमिनियमवर आधारित काँटॅक्ट आजपासूनच बसवायला घ्या, नंतर काँटॅक्ट तापवून पक्के करण्याचं सगळं अ‍ॅनीलिंग नव्याने करावं लागतं.

पेटंटचा अर्ज आधी, पोस्टर नंतर. आधी जाहीर केलं तरी अर्ज करायला अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, युरोपात सहसा नाही.

उशीर होतोय म्हणून खचू मात्र नका. सिलिकॉन कार्बाइड या सेमीकंडक्टरचे वेफर 1991 मध्ये विकायला आले, त्याचे शॉटकी डायोड (धातू आणि सेमीकंडक्टरच्या जोडाचे) 2001 मध्ये आणि मॉस्फेटला (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) त्यानंतरही दशकभर लागलं. तुमची उशिराची दोन वर्षं त्यापुढे काहीच नाहीत.

गाड्यांत वापरायच्या सेमीकंडक्टर घटकांसाठीच्या एईसी-क्यू101 चाचणीचं गणित मात्र आजच करून ठेवा. उच्च तापमानाला रिव्हर्स बायस (उलट्या दिशेचं व्होल्टेज) देऊन 1000 तास, तीन वेगवेगळ्या लॉटमधले (स्वतंत्रपणे बनवलेल्या खेपा) प्रत्येकी 77 नग, आणि नापास शून्य. नुसते तासच 42 दिवसांचे होतात. तीन लॉट म्हणजे एकाच रनचे तीन तुकडे नव्हेत. त्यामुळे थर वाढवणाऱ्या रिॲक्टरच्या तीन स्वतंत्र रनची वेळ आधीच राखून ठेवा.