टी पेशी फायब्रोनेक्टिनवर चिकटवताना

सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून मी खळग्या-खळग्यांच्या प्लॅस्टिक प्लेटवर फायब्रोनेक्टिनचा (पेशी ज्याला चिकटतात त्या प्रथिनाचा) थर (10 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर) रात्रभर फ्रीजमध्येच, 4 अंशांवर बसवते. सकाळी उरलेल्या मोकळ्या जागा अल्ब्युमिन या प्रथिनाने झाकायच्या. नाहीतर पेशी नुसत्या प्लॅस्टिकलाच धरतात. मग त्यावर टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) सोडायच्या आणि 37 अंशांवर अर्धा तास ठेवायच्या.

खरी कसोटी न चिकटलेल्या पेशी धुण्यात. माझ्या पहिल्या प्लेटा कोऱ्या निघाल्या, कारण धुण्याच्या द्रावणात ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं रसायन) होतं. पेशीवरच्या इंटेग्रिन या चिकटणाऱ्या प्रथिनाला पकड घ्यायला मॅग्नेशियम लागतं, आणि ईडीटीए नेमकं तेच ओढून घेतं. द्रावण कोमट घ्या, पिपेटचं टोक वेलच्या (प्लेटमधल्या खळग्याच्या) भिंतीला टेकवून हळूहळू सोडा. तळावर धार पडली की पेशी गेल्याच! एक रांग फक्त अल्ब्युमिनची ठेवाच. तिथे चिकटलेल्या पेशींचा आकडा शेवटी फायब्रोनेक्टिनवरच्या आकड्यातून वजा करायचा असतो.