घरच्या लेथवर डुलत्या सिलिंडरचं छोटं इंजिन बनवताना

पहिलं इंजिन बनवायचं असेल तर सरळ पेट्रोल इंजिनावर उडी मारू नका, आधी हे डुलणारं करा, ज्याला वॉबलर म्हणतात. यात व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, सिलिंडर स्वतःच एका खिळीवर डावीउजवीकडे डुलतो आणि डुलता डुलता हवा आत-बाहेर जायची भोकं उघडतो-बंद करतो. हे काही फक्त खेळण्यातलं नाही बरं का, १८५८ साली पाण्यात उतरलेल्या ग्रेट ईस्टर्न जहाजाची पॅडल फिरवणारी इंजिनं याच जातीची होती. आपलं मात्र तळहातावर मावेल एवढं, आणि वाफेवर नाही, हवेवर. घरी बॉयलर करायच्या फंदात सुरुवातीला अजिबात पडू नका.

मी धरलेली मापं अशी: बोअर (सिलिंडरच्या आतला व्यास) १२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) २० म्हणजे क्रँकची (शाफ्टवरच्या फिरत्या हाताची) त्रिज्या १०, आणि सिलिंडरच्या खिळीपासून क्रँकशाफ्टच्या सेंटरपर्यंत ५० मिमी. सिलिंडरला २२ मिमी चौकोनी पितळ, ३६ लांब. पिस्टनला बिडाचा तुकडा. फ्रेमला ६ मिमी जाड एमएस (माइल्ड स्टील) पट्टी. पुण्यात असाल तर बोहरी आळीत पितळेचे तुकडे वजनावर मिळतात, फक्त घेताना कानस मारून बघा, वरून पिवळं दिसतं ते सगळं चांगलं कापणारं पितळ नसतं.

लेथ सुरू करायच्या आधी टूलची सेंटर हाइट बघा, म्हणजे टूलचं टोक जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) मध्याच्या उंचीला आहे का ते. टूलचं टोक आणि जॉबच्या मध्ये स्टीलची पट्टी हलकी दाबा, पट्टी उभी सरळ राहिली तर टूल सेंटरला आहे, वरचं टोक तुमच्याकडे कललं तर टूल खाली आहे, पलीकडे कललं तर वर. टूलखाली पॅकिंगला मी कोल्ड्रिंकच्या कॅनचे पत्रे कापून ठेवलेत. आणि चकची (जॉब पकडणाऱ्या जबड्याची) किल्ली चकमध्ये ठेवून हात काढायचाच नाही, हातमोजे घालून लेथ चालवायचा नाही, हे एकदाच सांगतो.

सिलिंडर फोर जॉ (चार जबड्यांच्या) चकमध्ये धरा, डायल गेज लावून सेंटर करा, सेंटर ड्रिल मारा, मग ६, मग १०, मग ११.५ चा ड्रिल. इथे पितळेचा एक चावटपणा आहे. नवा धारदार ड्रिल पितळेत गेला की स्क्रूसारखा स्वतःच आत ओढला जातो आणि जॉब चकमधून निसटतो नाहीतर ड्रिल मोडतो. उपाय सोपा, ड्रिलच्या दोन्ही धारांवर ऑइलस्टोनने छोटासा सपाट पट्टा मारा, म्हणजे धार खणत नाही, खरवडते. मग शेवटी १२ चा एच७ रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार), अगदी स्लो स्पीडला, आणि बाहेर काढतानासुद्धा उलटा फिरवायचा नाही. बोअरिंग बार (भोक आतून कापणारं टूल) असेल तर रीमरच्या आधी एक हलका कट घ्या, कारण रीमर बिचारा ड्रिल जिथे गेला तिथेच मागे मागे जातो, भोक वाकडं असेल तर ते सरळ करत नाही.

पिस्टन ११ मिमी लांब. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने बिडाला साधारण २० मीटर प्रति मिनिट धरलं तर १२ मिमी व्यासाला ५३० आरपीएमच्या आसपास येतं. बोअरपेक्षा ०.०२ मिमी लहान ठेवा, शेवटचे कट मायक्रोमीटर हातात घेऊनच. तेल धरायला दोन बारीक खाचा पाडा. रॉड एम ३ च्या आट्याने पिस्टनमध्ये बसवा, पिस्टनच्या माथ्यापासून क्रँक पिनच्या भोकापर्यंत एकूण ५३. पिस्टनला तेल लावून सिलिंडरचं वरचं तोंड अंगठ्याने दाबून ओढला की तो मागे खेचला गेला पाहिजे. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट मात्र पितळेत वापरू नका, तिचे कण पितळेत रुतून बसतात आणि मग पिस्टनच खात राहतात.

आता खरं काम, भोकं. वरून बघितलं तर हे दोन मिनिटांचं वाटतं पण इंजिन चालणार की नाही ते इथेच ठरतं. सिलिंडरचं भोक खिळीपासून १५ मिमी वर. क्रँक पूर्ण आडवा डुलवतो तेव्हा हे भोक बाजूला किती सरकतं, तर १५ गुणिले १० भागिले ५०, म्हणजे ३ मिमी. म्हणून फ्रेममधली दोन भोकं (एक हवा आत यायचं, एक बाहेर जायचं) मधल्या रेषेपासून ३-३ मिमीवर, आणि तिन्ही भोकं २.५ मिमीची. म्हणजे सिलिंडर मध्ये उभा असताना दोन्हीकडे अर्धा अर्धा मिमी भिंत राहते आणि हवा अडते. ही भिंतच आपला व्हॉल्व्ह.

माझं पहिलं इंजिन इथेच गेलं. खिळीच्या एम ४ आट्यासाठी ३.३ चा ड्रिल लावला होता, तो चकमध्ये तसाच राहिला आणि मी त्यानेच सगळी भोकं मारली. मग पंप मारला की सूं करून हवा एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, फ्लायव्हील ढिम्म. दोन संध्याकाळ मी पिस्टनलाच दोष देत बसलो होतो!

फ्रेम आणि सिलिंडरचं १५ चं अंतर एकसारखं यावं म्हणून एक छोटी पट्टी करा, तिच्यात ४ मिमीचं खिळीचं भोक आणि १५ वर २.५ चं. हीच पट्टी सिलिंडरवर सरळ ठेवून ड्रिल मारायचा आणि फ्रेमवर खिळीभोवती फिरवून डावीउजवीकडच्या ३ मिमीच्या आखलेल्या रेषेवर आणून क्लॅम्प करून मारायचा. अंतर थोडं चुकलंच तर दोन्हीकडे सारखंच चुकतं. खिळीचं भोक सिलिंडरमध्ये ४ मिमीच्या वर खोल जाता कामा नये, भिंत फक्त ५ ची आहे, ड्रिलवर टेप गुंडाळा आणि आटे सेटमधल्या तिसऱ्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) खालपर्यंत पूर्ण करा.

मग सिलिंडर आणि फ्रेम एकमेकांना टेकतात ते दोन्ही चेहरे घासा. जाड काच, तिच्यावर ६०० चा वॉटर पेपर तेलात भिजवून, नंतर १०००. घासायच्या आधी मार्करने रेघा ओढा, सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की चेहरा सपाट. बोट मध्यभागी दाबून इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, नाहीतर कडा जास्त झिजतात.

फ्लायव्हील ६० मिमीचं चालेल, जे मिळेल त्याचं, फक्त शाफ्टला डगमगता कामा नये. वरचं झाकण पातळ कागदाचं गॅस्केट घालून चार एम २.५ स्क्रूने. खिळीच्या मागे हलकी स्प्रिंग आणि नट, सिलिंडर फ्रेमला फक्त टेकला पाहिजे. नट जास्त आवळला तर जाम, सैल तर हवा मधूनच पळते.

तेलाचे दोन थेंब टाका, अर्धा-एक बार दाबाची हवा द्या, फ्लायव्हीलला बोटाने टिचकी मारा. सुरुवातीला अडखळेल, दहा मिनिटं तसंच पळू द्या, काळं तेल बाहेर येईल ते पुसून नवं टाका. नळी दुसऱ्या भोकाला लावलीत की तेच इंजिन उलटं फिरतं.