लॅमिनिनच्या अँटिबॉडीची कुपी उघडण्याआधी

कॅटलॉग चाळायला बसण्याआधी कुठलं लॅमिनिन शोधायचंय ते वहीत लिहा. बेसमेंट मेम्ब्रेनमधलं (पेशींच्या थराखालच्या किंवा भोवतीच्या पातळ प्रथिनजाळीतलं) हे प्रथिन एकटं नाही, मोठं कुटुंब आहे. प्रत्येक रेणूत अल्फा, बीटा आणि गॅमा अशा तीन साखळ्या असतात आणि २००५च्या नामकरणानुसार त्यांचेच आकडे नावात येतात: १११, २११, ३३२, ५११. जुने पेपर वाचताना सांभाळा. त्यातलं ‘लॅमिनिन-५’ म्हणजे आजचं ३३२, ५११ नव्हे.

आता प्रश्न काय आहे ते बघा. स्नायूतल्या प्रत्येक तंतूची किंवा रक्तवाहिनीची नुसती बाह्यरेषा हवी असेल, तर उंदराच्या ईएचएस नावाच्या, भरपूर लॅमिनिन बनवणाऱ्या ट्यूमरमधल्या लॅमिनिन-१११विरुद्ध सशात बनवलेली पॉलिक्लोनल (प्रथिनाच्या अनेक जागा ओळखणाऱ्या अँटिबॉडींचं मिश्रण) उत्तम. बीटा-१ आणि गॅमा-१ या साखळ्या बऱ्याच लॅमिनिनांत सामाईक असल्यामुळे ती जवळपास सगळीकडे चिकटते. नेमकी म्हणूनच, ‘अल्फा-१ सापडलं’ असं तिच्या जोरावर लिहिता येत नाही. त्यासाठी त्या साखळीची मोनोक्लोनलच (एकच ठरावीक जागा ओळखणारी अँटिबॉडी) लागते. अल्फा-२ तपासताना तर साखळीचा कुठला तुकडा हेही विचारा. ही साखळी ३०० आणि ८० किलोडाल्टनच्या दोन तुकड्यांत आढळते. अंशतः कमतरता असलेल्या स्नायूत ८०वाली अँटिबॉडी जवळपास नॉर्मल चित्र दाखवू शकते आणि घट ३००वालीवर दिसते. दोन्ही लावाव्यात.

डेटाशीटवर इम्युनोजेन (अँटिबॉडी बनवायला टोचलेलं प्रथिन), होस्ट (ती ज्या प्राण्यात बनवली तो) आणि चाचणी झालेल्या प्रजाती वाचा. नुसतं ‘आयएचसी (ऊतीच्या कापावर अँटिबॉडीने डाग देणं) चालते’ एवढंच छापलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. फ्रोझनवर (गोठवलेल्या ऊतीवर) की पॅराफिनवर (फॉर्मॅलिनमध्ये पक्क्या करून मेणात बसवलेल्या ऊतीवर), ते विचारा. उंदराच्या ऊतीवर उंदराचीच मोनोक्लोनल लावणार असाल तर सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला धरणारी, रंग देणारी दुसरी अँटिबॉडी) ऊतीतल्या मूळच्या आयजीजीलाही, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही, धरेल. उंदरासाठी ससा किंवा रॅट होस्ट घेतला की ही कटकट बरीच मिटते.

खरी मेहनत सेक्शनवर आहे. डाग आला नाही की पहिला संशय अँटिबॉडीवर जातो, पण बऱ्याचदा दोष ऊतीच्या तयारीत निघतो. फॉर्मॅलिनने आधीच दाट विणलेली ही जाळी आणखी घट्ट बांधली जाते आणि एपिटोप (अँटिबॉडी जिथे चिकटते ती जागा) आत दडून बसतो. पॅराफिन सेक्शनवर नुसती उष्णता अनेकदा पुरत नाही. पेप्सिन किंवा प्रोटीनेज-के ही प्रथिनं पचवणारी एन्झाइम वापरून बघावं लागतं. उलट काही मोनोक्लोनलचा एपिटोप एन्झाइमनेच नष्ट होतो, म्हणून दोन्ही वाटा तपासा. ३७ अंशांवर ५, १० आणि १५ मिनिटं असे जादा सेक्शन ठेवून मूत्रपिंडावर वेळ ठरवा. पचन कमी पडलं तर नलिकांभोवतीची रेषा तुटक आणि फिकी दिसते. बरोबर जमलं तर प्रत्येक नलिकेला सलग, बारीक कडा येते आणि ग्लोमेरुलसमधल्या केशवाहिन्यांच्या कडाही उमटतात. जास्त झालं की केंद्रकं पोकळ दिसू लागतात, कडा विसविशीत होतात आणि सेक्शन काचेवरून सुटतो. सेक्शन घट्ट धरणाऱ्या चार्ज्ड स्लाइड्स आधीच काढून ठेवा. फ्रोझनचं काम सोपं: ८ ते १० मायक्रॉनचे सेक्शन, उणे २० अंशांच्या ॲसिटोनमध्ये १० मिनिटं, मग हवेत वाळवणं.

कल्चरमधल्या पेशी असतील तर डिशला कशाचं कोटिंग आहे ते आधी बघा. मॅट्रिजेल हे कोटिंगचं जेल त्याच ईएचएस ट्यूमरमधून येतं आणि लॅमिनिनने भरलेलं असतं, त्यामुळे पेशी नसलेली जागाही उजळेल. फक्त कोटिंग असलेला एक वेल कंट्रोल म्हणून हवाच. पेशींना डिटर्जंट लावलं तर पेशीच्या आत, ईआरमध्ये (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये) तयार होत असलेलं लॅमिनिनही दिसतं. न लावता फक्त बाहेर साचलेलं. कुठलं मोजायचंय ते ठरवूनच ट्रायटनची (या डिटर्जंटची) बाटली उचला.

वेस्टर्न (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणं) करायचं असेल तर पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला न विरघळलेला भाग, फेकू नका. जाळीत अडकलेलं लॅमिनिन नेहमीच्या लायसिस बफरमध्ये नीट विरघळत नाही. ही बांधणी कॅल्शियमवर टिकते, म्हणून कॅल्शियम पकडणाऱ्या ईडीटीएच्या बफरने ते बरंच सुटतं. रिड्यूस केल्यावर (साखळ्यांना जोडणारे बंध तोडल्यावर) १११ची अल्फा-१ साधारण ४०० किलोडाल्टनला आणि बीटा, गॅमा २००च्या आसपास दिसतात. ३-८ टक्के ट्रिस-ॲसिटेट जेल घ्या आणि ट्रान्सफर रात्रभर थंडीत होऊ द्या. मात्र काही मोनोक्लोनल रिड्यूस केलेलं प्रथिन ओळखतच नाहीत, हे डेटाशीटवर आधी शोधा.

कंट्रोल नेहमीचेच: मूत्रपिंडाचा सेक्शन, नुसती सेकंडरी, मोनोक्लोनलसाठी आयसोटाइप (त्याच प्रकारची, पण लॅमिनिन न ओळखणारी अँटिबॉडी). रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं इलॅस्टिन हिरव्या चॅनेलमध्ये आपोआप चमकतं, तेव्हा फ्लुओरोफोर लाल किंवा त्याहून दूरचा निवडा.

कुपी आली की क्षणभर स्पिन करा, लहान भाग पाडा, पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नका. सोडियम अझाइड हे टिकवण्याचं विषारी रसायन असेल तर जिवंत पेशींवर ती वापरू नका. एचआरपी या रंग देणाऱ्या एन्झाइमच्या टप्प्यातही अझाइड येऊ देऊ नका. पॉलिक्लोनल असल्यास लॉट नंबर (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) वहीत हवा. जुना लॉट संपण्याआधीच नवा मागवा आणि दोन्ही एकाच ब्लॉकच्या लागोपाठच्या सेक्शन्सवर लावून बघा. डायल्यूशन नव्याने काढावं लागेल असं धरूनच वेळ ठेवा.