घर चित्रीकरणासाठी भाड्याने कसे द्यावे: वाई-सातारा परिसरातील घरमालकांसाठी

वाई आणि मेणवलीच्या परिसरात हिंदी-मराठी चित्रपटांचे आणि मालिकांचे चित्रीकरण अनेक वर्षांपासून होत आले आहे. कृष्णेचे घाट, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि आसपासची उसाची शेते चित्रपटवाल्यांच्या चांगल्या परिचयाची आहेत. त्यांना आता हवी असतात ती सोपा, माजघर, परसू शाबूत असलेली खासगी घरे. अशा घरमालकांना ‘फोटो काढा, वेबसाइटवर टाका आणि पैसे कमवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो देणाऱ्याच्या घरात शंभर माणसांचे युनिट कधी उतरलेले नसते. फोटो टाकणे हे या कामातले सर्वांत सोपे काम आहे.

फोटो सकाळचे आणि दुपारचे वेगवेगळे काढावेत आणि त्यात घरासमोरचा बोळ व गाड्या उभ्या करण्याची जागाही दाखवावी. सुरूर फाट्यावरून वाईपर्यंत सगळे सहज येतात. मात्र जनरेटरची गाडी आणि व्हॅनिटी व्हॅन दाराजवळ पोहोचत नसेल, तर रेकीला, म्हणजे जागेची पाहणी करायला, आलेली मंडळी चहा पिऊन परत जातात. फोटो स्थानिक लोकेशन मॅनेजरकडे, म्हणजे चित्रीकरणासाठी जागा शोधून देणाऱ्याकडे, द्यावेत.

होकार देण्यापूर्वी मालमत्ता पत्रक काढून पाहावे. आपल्याकडचे बहुतेक वाडे सामाईक असतात, राहणारा एक आणि वारस पाच-सहा असतात. या सर्वांची लेखी संमती आधी घ्यावी. चित्रीकरण सुरू असताना पुण्याचे चुलते दारात उभे राहिले, तर निर्माता त्या दिवसाचा खर्च आपल्याकडे मागतो. त्याच वेळी दृश्यांचा गोषवारा मागून घ्यावा. देवघर, पूर्वजांच्या तसबिरी आणि दारावरची नावाची पाटी पडद्यावर दिसणार की नाही, हे तेव्हाच ठरवावे.

दर शिफ्टवर ठरतो आणि शिफ्ट साधारण बारा तासांची धरतात. बारा तासांनंतरच्या प्रत्येक तासाचा वेगळा दर लिहून घ्यावा. सेट लावण्याचे व उतरवण्याचे दिवसही भाड्याचेच दिवस आहेत; त्यांचा मी अर्धा दर घेते. कॅमेरा दारातून आत येण्यापूर्वी पूर्ण भाडे खात्यात जमा झालेले असावे, यावर मी तडजोड करत नाही. दिव्यांसाठी घरच्या मीटरवरून वीज देऊ नये. माळवदावर कोणालाही चढू देऊ नये, कारण लाकूड आणि मातीचे ते छत क्रेनचे वजन पेलण्यासाठी बांधलेले नसते.  सार्वजनिक रस्ता, घाट किंवा ड्रोन यांच्या परवानग्या काढणे निर्मात्याचे काम आहे. त्यांच्या प्रती मात्र आपण मागून ठेवाव्यात.

आता खऱ्या अवघड टप्प्याकडे येऊ. तो म्हणजे घर जसे दिले तसेच परत घेणे. करारनाम्यात ‘जागा पूर्वस्थितीत परत करण्यात येईल’ असे एक वाक्य असते आणि ते वाचून घरमालक निश्चिंत होतात. हे वाक्य एकटे असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण पूर्वस्थिती म्हणजे नेमकी कोणती, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते.

आमच्या सोप्याची भिंत चुन्याच्या गिलाव्याची आहे. एका मालिकेच्या कला विभागाने दृश्यासाठी ती निळ्या तेलरंगाने रंगवली आणि जाताना त्यावर पांढरा प्लास्टिक पेंट मारून ‘होती तशी पांढरी करून दिली’ असे सांगितले. दिसायला भिंत पांढरीच होती. चुन्याची भिंत मात्र ओल शोषून घेते आणि बाहेर सोडते, तर हे रंग तिचा श्वास कोंडतात. पुढच्या पावसाळ्यात त्या भिंतीला फुगे आले, पोपडे सुटले आणि रंगाबरोबर गिलावाही खाली आला. नवा गिलावा करून घेण्यासाठी चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्यातच आमचा हिवाळा गेला, आणि अनामत तोपर्यंत परत देऊन झाली होती.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की जुन्या वाड्याच्या भिंतीला कला विभागाचा ब्रश लागूच देऊ नये. भिंतीपुढे प्लायवूडच्या खोट्या भिंती उभ्या करणे त्यांच्या रोजच्या सरावातले काम आहे. थोडा खर्च वाढतो म्हणून ते टाळायला पाहतात, इतकेच. ‘वॉटर कलर आहे, पुसला की जातो’ यावर विश्वास ठेवू नये. भिंत जुनी भासावी म्हणून चहाचे पाणी, डिंक आणि माती फासतात, तेही चुन्यात मुरते आणि डाग राहतो. सागवानी खांबांवर चिकटपट्टी लावू देऊ नये, कारण ती ओढून काढताना पॉलिश सोबत निघते, दोरीने बांधावे. धुराचे यंत्र वापरणार असतील तर तुळयांवर तेलकट थर बसतो, त्यामुळे लाकूड पुसून देण्याची अट घालावी. पावसाच्या दृश्यासाठी टँकरचे पाणी पांढऱ्या मातीच्या भिंतीवर पडता कामा नये, आणि येथे नकार देताना संकोच करू नये.

हे सर्व करारात उतरवण्यासाठी कला विभागाचा पहिला माणूस येण्याच्या आदल्या दिवशी प्रॉडक्शन मॅनेजरला सोबत घेऊन घरभर फिरावे. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, जमीन, दारे-खिडक्या आणि छत यांचे सलग व्हिडिओ चित्रण करावे. आधीपासूनचे तडेही त्यात मोकळेपणाने दाखवावेत, म्हणजे नंतर वाद राहत नाही. मग खोलीनिहाय यादी लिहावी: भिंत चुन्याची, सफेदी चुन्याचीच, जमीन शहाबादी, अमुक फरशी आधीच फुटलेली. यादीच्या प्रत्येक पानावर प्रॉडक्शन मॅनेजरची सही आणि निर्मिती कंपनीचा शिक्का घ्यावा. लोकेशन मॅनेजरचा शब्द कंपनीला बांधील नसतो, त्यामुळे त्याची सही पुरेशी नाही. यादी करारनाम्याला जोडावी. करारासाठीचा मुद्रांक महाराष्ट्रात आता १०० ऐवजी ५०० रुपयांचा लागतो.

दुसरी अट वेळेची आहे. शेवटचा शॉट झाला की युनिट त्याच रात्री पुढच्या गावी निघते आणि मागे उरलेल्या दोन पोरांकडे ना रंग असतो, ना अधिकार. त्यामुळे दुरुस्तीचा दिवस करारात वेगळा, तारखेसह आणि भाड्यासह लिहावा. अनामत चेकने न घेता खात्यात घ्यावी आणि आपल्या ओळखीच्या गवंड्याने व सुताराने घर पाहिल्यानंतर, आठ दिवसांनी, ती परत करण्याचे ठरवावे. निर्मात्याची माणसे ‘सगळीकडे लगेच परत देतात’ असे म्हणतील. तसे मुळीच नाही. जो मागतो त्याला आठ दिवस मिळतात.

राहिलेल्या बाबी थोड्या आहेत. शेजाऱ्यांना तारखा आधी सांगाव्यात आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावू देऊ नये. मौल्यवान भांडी एका खोलीत ठेवून कुलूप लावावे. महिन्याचे भाडे ५०,००० रुपयांहून अधिक झाले तर कंपनी साधारणपणे १० टक्के टीडीएस कापते. त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. पॅचवर्कसाठी, म्हणजे राहिलेली दृश्ये टिपण्यासाठी, युनिट काही महिन्यांनी पुन्हा येऊ शकते, तेव्हाचा दरही मूळ करारातच लिहावा. आणि ते आले की यादी व व्हिडिओ चित्रण पुन्हा नव्याने करावे.